स्लाइडवरून सुटणारे सेक्शन: पावसाळ्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या एका उपनगरातल्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात हे घडलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. त्या वेळी इम्युनोफ्लुरोसन्सच्या, म्हणजे चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी करायच्या तपासणीच्या, रिपोर्टवर माझी सही होत असे, त्यामुळे यात जे चुकलं त्यातला बराचसा भाग माझ्या टेबलावरूनच गेला.

अंगावर फोड येणाऱ्या काही आजारांत शरीराचीच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) कातडीवर हल्ला करतात. पेम्फिगस हा त्यातला गंभीर आजार. पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात हे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्ये इम्युनोफ्लुरोसन्सने दाखवलं. निदान पक्कं करायला आजही फोडाशेजारच्या कातडीचा छोटासा तुकडा घेऊन हीच तपासणी करतात. नेहमीच्या बायोप्सीसारखा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की ही तपासणी गेलीच म्हणून समजा. म्हणून तुकडा ताजा ठेवून, ओसीटी नावाच्या जेलमध्ये बसवून गोठवायचा (हा झाला ब्लॉक), क्रायोस्टॅटवर, म्हणजे थंड पेटीतल्या कापणीयंत्रावर, त्याचे ४-५ मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, कापायचे आणि त्यांना कसलंही फिक्सेशन न देता, म्हणजे रसायनाने पक्के न करता, चमकणारी प्रतिपिंडं लावायची. आयजीजी, आयजीए, आयजीएम (प्रतिपिंडांचे प्रकार), सी३, फायब्रिनोजेन (रक्तातली इतर प्रथिनं) अशा पाच स्लाइड आणि रचना बघायला साध्या रंगाची एक. प्रत्येक स्लाइडवर दोन सेक्शन.

आमच्या ओपीडीतले तुकडे सलाइनच्या ओल्या गॉझमध्ये तासाभरात खाली येत. बाहेरगावचे, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कधी कोल्हापूरकडचे, मिशेलच्या द्रावणात येत. १९७२ साली मांडलेलं हे द्रावण म्हणजे मुख्यतः अमोनियम सल्फेट, १०० मिलीला ५५ ग्रॅम इतकं दाट. त्यात प्रथिनं जागच्या जागी बसून राहतात, म्हणून तुकडा बर्फाशिवाय काही दिवस टिकतो आणि प्रवास करू शकतो. पण गोठवण्याआधी हे मीठ पीबीएस या खारट बफर द्रावणाने धुऊन काढावंच लागतं. आमच्या भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं: पीबीएस, तीन वेळा, दर वेळी १० मिनिटं.

काय होत होतं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तंत्रज्ञ ताईंनी पहिल्यांदा सांगितलं, "मॅडम, सेक्शन सुटतायत." एखाद-दुसरा सेक्शन सुटणं नवीन नव्हतं, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. जुलै लागला तसे निम्मे सेक्शन धुण्यात जाऊ लागले. अँटिबॉडी घालण्याआधीच्या पहिल्या पीबीएसमध्ये स्लाइड उभी केली की सेक्शनची एक कड उचलली जायची, पाण्यात पडद्यासारखी हलायची, आणि दुसऱ्या धुण्यात आख्खा सेक्शन कॉप्लिन जारच्या तळाशी जायचा.

त्यातच एका बाईंची बायोप्सी आली. पन्नाशीच्या, कोकणातल्या एका गावच्या. चार महिने तोंडात जखमा, मग पाठीवर फोड. त्वचारोगतज्ज्ञांना पेम्फिगसचा दाट संशय होता, पण औषधांचा मोठा डोस सुरू करण्याआधी त्यांना खात्री हवी होती. पहिल्या पाच स्लाइडवरच्या १० सेक्शनपैकी शेवटी तीन उरले. कनिष्ठ डॉक्टरांनी ते बघून कच्चा रिपोर्ट लिहिला: सर्व प्रतिपिंडांसाठी निगेटिव्ह.

मी सहीला बसले आणि स्लाइड पुन्हा बघितली. उरलेल्या तिन्ही सेक्शनमध्ये खालची डर्मिस होती, कोलॅजनचे तंतू होते, एका घामाच्या ग्रंथीचा तुकडा होता. वरचा थर, एपिडर्मिस, एकातही नव्हता. पेम्फिगसची आयजीजी एपिडर्मिसच्या पेशींच्या मधल्या फटींत बसते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. आमच्या सेक्शनमध्ये ते जाळं जिथे दिसायचं ती जागाच राहिली नव्हती, आणि आम्ही "निगेटिव्ह" लिहून मोकळे होणार होतो.

इथे या तपासणीतली एक क्रूर गोष्ट सांगायला हवी. पेम्फिगसमध्ये पेशींची एकमेकींवरची पकडच सुटलेली असते. बेसल, म्हणजे एपिडर्मिसच्या सगळ्यात खालच्या, थराच्या लगेच वर फट पडते आणि वरचा थर आधीच सैल तरंगत असतो. सेक्शन स्लाइडवर नीट चिकटला नसेल तर सगळ्यात आधी जातो तो नेमका आजाराचा भाग. आजार जितका खरा, तितका पुरावा धुऊन जाण्याचा धोका मोठा.

रिपोर्ट थांबवला. त्याऐवजी लिहिलं: "तपासलेल्या सेक्शनमध्ये एपिडर्मिस उपलब्ध नाही, निष्कर्ष देता येत नाही. उरलेल्या ब्लॉकमधून पुन्हा सेक्शन कापत आहोत." या प्रकरणातला हा निर्णय मी आजही तसाच घेईन. पुढचे सगळे मात्र तसेच घेईन असं नाही.

पहिला आठवडा: सगळं एकदम बदललं

घाई होती. रुग्ण वाट बघत होत्या, पाठोपाठ आणखी तुकडे येत होते. आम्ही एका दुपारी चार गोष्टी बदलल्या. चार्ज केलेल्या, म्हणजे सेक्शन धरून ठेवायला धन भार दिलेल्या, स्लाइडचा नवा लॉट उघडला. त्यावर शिवाय जिलेटिन आणि क्रोम अ‍ॅलमचा थर दिला. कापल्यावर सेक्शन थंड अ‍ॅसिटोनमध्ये १० मिनिटं ठेवायला सुरुवात केली. आणि धुताना वापरायचा हलता ट्रे बंद केला.

दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि वर नवं दुखणं: जिलेटिनचा थर जाड झाल्याने मायक्रोस्कोपखाली सगळी पार्श्वभूमीच धुकट हिरवी दिसायला लागली. दोन दिवस कशामुळे बरं चाललं हे कुणालाच सांगता येईना, कारण चार गोष्टी एकाच वेळी हलवल्या होत्या. त्या दोन दिवसांत पावसाने उघडीप दिली होती, हे पुढे लक्षात आलं.

याहून वाईट गोष्ट ही की हे सगळे प्रयोग आम्ही त्या बाईंच्याच ब्लॉकवर केले. ४ मिलिमीटरचा तुकडा तो केवढा. "अजून एक कापून बघू" करत करत आठवड्याअखेरीस ब्लॉकमध्ये ओसीटी उरलं, कातडी संपली.

नोंदवही

विभागात तीस वर्षं काम केलेले वरिष्ठ तंत्रज्ञ सुट्टीवरून परतले. त्यांनी जिलेटिनच्या स्लाइड बाजूला ठेवायला लावल्या आणि नोंदवही मागितली. आमच्या वहीत नमुना कुठून आला, सेक्शन किती वाजता कापला आणि स्टेनिंग किती वाजता सुरू केलं, हे लिहायची पद्धत त्यांनीच घातली होती. त्यांनी तीन आठवड्यांच्या ओळींपुढे पेन्सिलने खुणा केल्या: राहिला, सुटला, राहिला.

दोन गोष्टी वर आल्या. सकाळी कापून लगेच स्टेन केलेल्या स्लाइड जात होत्या. संध्याकाळी कापून दुसऱ्या दिवशी स्टेन केलेल्या बहुतेक टिकत होत्या. आणि मिशेलच्या द्रावणातून आलेले नमुने आमच्या ओपीडीतल्या नमुन्यांपेक्षा जास्त सुटत होते.

"वाळवायला कुठे ठेवता?" त्यांनी ताईंना विचारलं. ताईंनी शेजारच्या खोलीकडे बोट केलं. जूनच्या मध्यात क्रायोस्टॅटच्या खोलीत नवीन उपकरण आलं, जागा पुरेना, म्हणून स्लाइड वाळवायचा ट्रे स्टेनिंगच्या खोलीत सिंकशेजारी हलवला होता. क्रायोस्टॅटच्या खोलीला एसी आहे. स्टेनिंगच्या खोलीला नाही, आणि खिडकी उघडी. हा बदल कुणी लिहून ठेवला नव्हता, कारण तो बदल आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. कागदावर "अर्धा तास हवेत वाळवा" एवढंच होतं. आम्ही अर्धा तासच वाळवत होतो, पण जुलैतल्या मुंबईच्या हवेत, नळाशेजारी.

मग त्यांनी एक स्लाइड उचलली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि आम्हाला बोलावलं. सेक्शनवर काचेसारखी ओली चकाकी होती. त्याच्या कडेने, ओसीटी संपून उघडी काच सुरू होते तिथे, एक बारीक उजळ रेघ दिसत होती: अडकलेलं पाणी. पूर्ण वाळलेला सेक्शन त्यांनी शेजारी धरला. तो निस्तेज होता, घासलेल्या काचेसारखा, आणि कडेची रेघ नव्हती. इतकी वर्षं मी फक्त रंगवलेल्या स्लाइड बघत आले होते. न रंगवलेली स्लाइड उजेडाला धरून इतकं काही सांगते, हे मी त्या दिवशी शिकले.

समोरचे पर्याय

यावेळी टेबलाशी बसून एकेक पर्याय तोलला.

पॅराफॉर्माल्डिहाइडने फिक्स करणं हा सगळ्यात सोपा उपाय वाटत होता. त्याने प्रथिनं एकमेकांना जोडली जातात आणि सेक्शन घट्ट राहतो. पण अल्डिहाइडमुळे सेक्शन स्वतःच चमकू लागतो आणि काही प्रतिजनं (प्रतिपिंडं जिथे चिकटतात त्या जागा) झाकली जातात. फिकट सी३ शोधायचा असेल तर हा सौदा परवडत नाही. नको ठरलं.

अ‍ॅसिटोनवर जास्त चर्चा झाली. अनेक ठिकाणी ते वापरतात आणि चालतंही. आमच्याकडे का चाललं नाही, ते ताईंनी हेरलं होतं: सिंकशेजारच्या खोलीत अ‍ॅसिटोनमधून काढलेली स्लाइड काही सेकंदांत पांढरी धुरकट व्हायची. अ‍ॅसिटोन झपाट्याने उडतं, काच गार पडते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. म्हणजे वाळवण्यासाठी केलेल्या उपायानेच स्लाइड ओली होत होती. शिवाय ओसीटी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. त्याची साल तशीच राहते, नंतर बफरमध्ये फुगते आणि सेक्शनची कड घेऊन उचलली जाते.

पॅराफिन सेक्शनसाठी पूर्वी वापरायचे ते अंड्याच्या पांढऱ्याचं ग्लिसरीन मिश्रण कुणीतरी सुचवलं. जिलेटिनचा धुकटपणा नुकताच भोगला असल्याने तो विचार तिथेच सोडला.

स्लाइडचा प्रश्न खरा होता, पण दुय्यम. काचेचा पृष्ठभाग ऋण भाराचा, उतीचाही बव्हंशी ऋण. म्हणून पॉली-एल-लायसिन किंवा अमिनोसिलेनचा थर देऊन काच धन करतात. ही ओढ काम करते ती दोघं अगदी लगटून असतील तरच. मध्ये पाण्याचा किंवा मिठाचा पापुद्रा राहिला तर महागातली महाग स्लाइडही उपयोगाची नाही.

उरले दोन संशयित: वाळवणं आणि मीठ.

चाचणी

या वेळी रुग्णाचा तुकडा घ्यायचा नाही, हे पहिल्यांदा ठरलं. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या निरोगी कातडीचा उरलेला भाग रीतसर परवानगीने घेतला. त्याचे तुकडे करून ते दोन दिवस मिशेलच्या द्रावणात ठेवले. अर्धे कागदावर लिहिल्याप्रमाणे तीन वेळा १०-१० मिनिटं धुतले. अर्धे, आमच्याकडे प्रत्यक्षात होत होतं तसे, नुसते तीनदा खळबळून काढले. हो, ते तसं होत होतं. गर्दी वाढल्यावर "तीन वेळा" टिकलं आणि "१० मिनिटं" गळून पडलं होतं. नव्याने आलेल्या मुलाने जे बघितलं ते तो करत होता. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

मग प्रत्येक प्रकारातल्या निम्म्या स्लाइड सिंकशेजारी अर्धा तास आणि निम्म्या एसीच्या खोलीत, लहान पंख्याच्या साध्या वाऱ्यावर, चकाकी जाईपर्यंत वाळवल्या. स्लाइडचा लॉट एकच, हात ताईंचेच, धुणं सारखंच.

नुसते खळबळलेले आणि सिंकशेजारी वाळवलेले बहुतेक सगळे गेले. नीट धुतलेले पण सिंकशेजारी वाळवलेले, आणि खळबळलेले पण नीट वाळवलेले, हे दोन्ही मध्येच अडकले: काही राहिले, काहींच्या कडा उठल्या. नीट धुऊन नीट वाळवलेल्यांत फक्त एका सेक्शनचा कोपरा दुमडला. दोन्ही चुका खऱ्या होत्या आणि एकमेकींच्या आड लपल्या होत्या. एकच दुरुस्त केली असती तर "थोडा फरक पडला" म्हणून सोडून दिली असती.

खळबळलेल्या तुकड्यांचे ब्लॉक कापतानाही वेगळे लागत होते. उणे २० अंशांवर बाकीचा ब्लॉक कडक असताना कातडी मऊ राही आणि सेक्शन पात्याखाली चुरगळे. मीठ राहिलं की गोठणबिंदू खाली जातो, हे शाळेत शिकलेलं. वाळताना तेच मीठ सेक्शन आणि काच यांच्यामध्ये स्फटिक होऊन बसतं आणि पहिल्याच बफरमध्ये विरघळून मधली जागा मोकळी करतं, असा आमचा तर्क आहे. कापतानाचा हा मऊपणा ताईंच्या हाताला आधीपासून कळत होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

निरोगी कातडीचा एपिडर्मिस घट्ट असतो, त्यामुळे एवढ्यावर समाधान मानणं बरोबर नव्हतं. उणे ८० अंशांवर जपून ठेवलेला, आधीच निदान झालेला पेम्फिगसचा एक जुना ब्लॉक काढला आणि नवी पद्धत त्यावर चालवून बघितली. एपिडर्मिस राहिला, जाळं दिसलं, आणि जुन्या नोंदीइतकंच उजळ दिसलं. जास्त वेळ वाळवल्याने चमक कमी होईल, ही माझी धास्ती होती. ती गेल्यावरच पद्धत बदलली.

काय केलं

वाळवण्याचा ट्रे एसीच्या खोलीत परत नेला. त्यासाठी नव्या उपकरणाचं टेबल हलवावं लागलं आणि प्रशासनाशी दोन बैठका झाल्या. खोलीत आर्द्रता मोजणारं यंत्र लावलं. कागदावर आता मिनिटांच्या जागी लिहिलं आहे: "चकाकी आणि कडेची रेघ जाईपर्यंत. पाऊस असेल तेव्हा किमान ४५ मिनिटं."

मिशेलच्या नमुन्यांसाठी टायमर. पीबीएसमध्ये तुकडा टाकला की वाजेपर्यंत हात लावायचा नाही.

ब्लॉक कापण्याआधी भोवतीचं जादा ओसीटी पात्याने छाटून टाकतो. पहिल्या पीबीएसमध्ये स्लाइड पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहतात, म्हणजे ओसीटी ओढाताण न होता विरघळतं. वॉश बॉटलची धार सेक्शनवर मारणं बंद. धार वर, लेबलच्या बाजूला, आणि पाणी ओघळत खाली.

गोठवून ठेवलेल्या स्लाइडचा डबा बाहेर काढला की अर्धा तास उघडायचा नाही. लगेच उघडला तर गार स्लाइडवर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया. डब्यात सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं.

रुग्णांचं काय झालं

त्या बाईंना दुसऱ्यांदा बायोप्सीसाठी बोलवावं लागलं. रात्रीच्या एसटीने मुलासोबत आल्या, तोंडात जखमा असल्याने वाटेत काही खाल्लं नव्हतं. मी त्यांना भेटले आणि पहिला तुकडा आमच्याकडून वाया गेला हे स्पष्ट सांगितलं. मुलगा रागावला, त्याचा राग रास्त होता. दुसऱ्या तुकड्यात आयजीजी आणि सी३ दोन्हींचं जाळं अगदी स्वच्छ दिसलं. पहिल्या नमुन्यापासून या रिपोर्टपर्यंत जवळपास तीन आठवडे गेले.

त्याच काळात बाहेर गेलेले निगेटिव्ह रिपोर्ट आम्ही परत काढले. चमक विरली असली तरी सेक्शनमध्ये एपिडर्मिस आहे की नाही हे कळतं. एका रुग्णाच्या पाचही स्लाइडवर तो नव्हता. त्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला आणि सुधारित रिपोर्ट पाठवला. विभागात यावर मतभेद झाले. "आपणहून कशाला सांगायचं," असंही एक मत होतं. मला दुसरा पर्याय दिसत नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच फोनवर त्वचारोगतज्ज्ञांना रक्ताचा नमुना पाठवायला सांगायला हवं होतं. पेम्फिगसची प्रतिपिंडं रक्तातही असतात. माकडाच्या अन्ननलिकेच्या सेक्शनवर किंवा डेस्मोग्लीन या पेशी जोडणाऱ्या प्रथिनाच्या एलायझा चाचणीत ती शोधता येतात. त्यावरून उपचारांचा निर्णय आठवडाभरात होऊ शकला असता. आम्ही सुटणाऱ्या सेक्शनच्या मागे इतके लागलो की रुग्णाचं निदान दुसऱ्या वाटेनेही होऊ शकतं, हे सुचलंच नाही.

ब्लॉक संपवण्याआधी थांबायला हवं होतं. आता पहिल्या फेरीला सहा स्लाइड कापल्या की चार जादा स्लाइड वाळवून उणे ८० ला ठेवतो आणि ब्लॉकमध्ये अजून किती कातडी आहे ते वहीत लिहितो. रिपोर्टच्या नमुन्यातही एक ओळ वाढवली आहे: एपिडर्मिस उपलब्ध, होय किंवा नाही. ती भरल्याशिवाय पुढचा रकाना लिहायचा नाही.

तोंडातल्या बायोप्सी मात्र अजून त्रास देतात. तिथला वरचा थर मुळातच नाजूक, तुकडे लहान, आणि त्यात फोड फुटलेला असेल तर वरचा थर काही वेळा बाटलीतच सुटून आलेला असतो. हल्ली मिशेलच्या बाटलीत तळाशी दिसणारा प्रत्येक पापुद्रा ताई चिमट्याने उचलून वेगळा धुतात आणि त्याच ब्लॉकमध्ये बसवतात. गेल्या महिन्यात एका रुग्णाचं जाळं त्या सुट्या पापुद्र्यातच सापडलं.